शालिकभाऊंची तीन सर्टिफिकेटं

संपादकांचा फोन आला, "ताई, नोकरीतले रोमहर्षक अनुभव लिहा." मी म्हटलं, बाप्पा, मी एकतीस वर्षं कर्मचाऱ्यांच्या याद्या काढल्या. ज्येष्ठता यादी, पात्रता यादी, रिक्त पदांची यादी, अन् या याद्या ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांची वेगळी यादी. यात कोणाचे रोम हर्षणार? जंगलखात्यातले लोक आहेत, त्यांनी वाघ पाहिलेत, त्यांना विचारा. तर ते म्हणाले, "वाघाचे तीन लेख आधीच आलेत." तेव्हा वाघ छापून झाल्यावर जी पानं उरली त्यांवर हा लेख आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

खातं कोणतं ते सांगणार नाही. सांगितलं तर तिथं अजून नोकरीत असलेले लोक घरी येऊन रागावतील, अन् वर चहा मलाच करावा लागेल. एवढं पुरे की मुख्य कार्यालय भंडाऱ्याला होतं अन् गावोगावी आमची केंद्रं होती. प्रत्येक केंद्रात एक गोदाम, एक बाबू, एक परिचर, एक चौकीदार अन् एक न चालणारा पंखा. मी आस्थापना शाखेत होते. कोण कधी नोकरीला लागलं, कुठं आहे, कधी जाणार, एवढंच पाहायचं काम. माणसाला स्वतःची जन्मतारीख आठवत नसली तरी आम्हाला माहीत असायची.

कॉम्प्युटर आला तेव्हा शाखेतल्या पुरुषमंडळींनी त्याला हार घातला, नारळ फोडला अन् त्याच्यापासून चार हात लांब जाऊन बसले. "मॅडम, तुम्हीच बसा, तुमची बोटं नाजूक." माझी बोटं नाजूक! मोहाडीला बापाच्या मागावर बसून मी लहानपणी धोटा फेकला आहे. पण बसले. त्यांना वाटलं बला टळली, मला वाटलं पंख्याखालची जागा मिळाली. दोघांचंही बरोबर होतं.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगते. कॉम्प्युटरात माणूस अख्खा कुठंच नसतो. एका टेबलात त्याचा नंबर, नाव अन् पद. दुसऱ्या टेबलात नंबर अन् त्यानं घेतलेल्या रजा. तिसऱ्यात नंबर अन् पास केलेल्या परीक्षा. टेबल म्हणजे रेघांचा तक्ता, याच्यावर चहा ठेवता येत नाही. साहेबांना रिपोर्ट हवा असला की क्वेरी लिहायची, म्हणजे कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत विचारायचं, अन् त्यात सांगायचं की या तक्त्याची ओळ त्या तक्त्याच्या ओळीला जोड. त्याला जॉइन म्हणतात. मागावरचा ताना, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या तान्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका धाग्याला गाठ मारून जोडतात. माझी आई ते काम करायची. तिसऱ्याला तिसरा, चौथ्याला चौथा. एक धागा हुकला की पुढचे सगळे सरकतात अन् काठाचा रंग लुगड्याच्या अंगात शिरतो. मला नोकरीत जे आलं ते एवढंच, फक्त धाग्यांच्या जागी माणसं होती.

सुरुवातीला मी दोन मोठे पराक्रम केले. एकदा वरून विचारणा आली की वर्षभरात सगळ्यात कमी रजा घेणारा कर्मचारी कोण, त्याचा सत्कार करायचा आहे. मी कर्मचाऱ्यांचा तक्ता अन् रजेचा तक्ता जोडला. एकच दिवस रजा घेतलेले एक बाबू सापडले, त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. समोर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे दुसरे एक गृहस्थ होते. त्यांनी वर्षात एकही रजा घेतली नव्हती! रजा नाही म्हणून रजेच्या तक्त्यात त्यांची ओळच नव्हती, ओळ नाही म्हणून जोडी नाही, अन् जोडी नाही म्हणून रिपोर्टातून गायब. साध्या जॉइनचा स्वभावच तसा, बिनजोडीच्या माणसाला तो घरात घेत नाही. डावीकडच्या सगळ्यांना राहू दे, जोडी नसली तर शेजारची जागा रिकामी ठेव, असं सांगायची सोय असते, तिला लेफ्ट जॉइन म्हणतात. ती मी त्या सत्कारानंतर शिकले. त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी सलग पंधरा दिवस रजा काढली अन् जाताना माझ्याकडं पाहूनही पाहिलं नाही.

दुसरा पराक्रम उलटा. एका बाबूकडं तीन केंद्रांचा कार्यभार होता. म्हणजे एक माणूस, तीन खुर्च्या, अन् तिन्ही रिकाम्या. नेमणुकीच्या तक्त्यात त्याच्या तीन ओळी होत्या, म्हणून जोडल्यावर तो तीन माणसं झाला. बाबूंची सगळी पदं भरलेली आहेत असा रिपोर्ट गेला. वरून शाबासकीचं पत्र आलं. ते परत पाठवायला कोणी तयार होईना, म्हणून फाइलला लावून टाकलं.

तर यातून मी शिकले ते असं की जोडण्याआधी माणसं मोजायची अन् जोडल्यावर पुन्हा मोजायची. कमी झाली तर कुठंतरी जोडी तुटली, जास्त झाली तर चुकीची जुळली. हे मला नीट माहीत होतं. माहीत असून मी जे केलं तेच आता सांगायचं आहे.

त्यासाठी गोंदिया वेगळा झाला तेव्हापासून सुरुवात करावी लागेल. जिल्हा फुटला तेव्हा कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, एका शिक्क्यावरून दोन बाबूंची मारामारी होता होता राहिली, अन् शेवटी माणसं वाटली. तिकडच्या केंद्रांतले लोक तिकडचे झाले. आमच्या रजिस्टरात त्यांच्या नावांवर लाल रेघ आली अन् त्यांचे नंबर रिकामे झाले. हे रजिस्टर होतं मुरलीधरबाबूंकडं. आलेले लिफाफे उसवून, उलटे करून, डिंक लावून पुन्हा वापरणारा हा माणूस. टाचण्या मोजून द्यायचा. पुढं भरती झाली तेव्हा यांनी नवे नंबर काढलेच नाहीत. गेलेल्यांचे नंबर नव्या लोकांना वाटून टाकले.

मी विचारलं, "भाऊ, हे काहून?"

"चांगले धड नंबर आहेत ना बाई. वाया कायले जाऊ द्याचे? अन् गेलेले लोक काय वापस येऊन राहिले का?"

येणार होते. कोणाचं सासर इकडं, कोणाची शेती इकडं, कोणाला तिकडचं पाणी मानवेना. विनंती बदलीवर एकेक जण परत येऊ लागला, अन् आला की त्याच्या नंबरावर दुसराच कोणी बसलेला. मुरलीधरबाबू मग परत आलेल्याला नवा नंबर द्यायचे अन् तो त्याला न कळवता त्याच्या सेवापुस्तकात पेन्सिलीनं लिहायचे. पेन्सिलीनं का, तर शाई महाग. अशी सतरा माणसं झाली, मग ते निवृत्त झाले. आम्ही त्यांना निरोपाला पेन दिला.

परिचर किंवा चौकीदाराला बाबू व्हायचं तर आमच्या खात्याची टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागायची. शिवाय वयाची अट होती, ते वय उलटलं की विषय संपला. परीक्षा शाखा वेगळी, तिचा तक्ता वेगळा. त्यात फक्त नंबर, परीक्षा अन् निकाल. नाव कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात आहेच, ते पुन्हा इथं कशाला, असं कॉम्प्युटर बसवून देणाऱ्यांनी सांगितलं होतं, अन् ते बरोबरच सांगितलं होतं. त्यांना मुरलीधरबाबू माहीत नव्हते. दरवर्षी मी दोन्ही तक्ते नंबरावर जोडून पात्रता यादी काढायची अन् साहेब सही करायचे.

एका वर्षी आसगाव केंद्रातून अर्ज आला. पुष्पाबाई, परिचर. "मी टायपिंग परीक्षा पास आहे तरी यादीत माझे नाव नाही." अक्षर स्वच्छ. मी कॉम्प्युटरमध्ये त्यांचा नंबर घातला, ६५५. परीक्षेची एकही नोंद नाही. मी उत्तर पाठवलं, "आपल्या नावे उत्तीर्ण झाल्याची नोंद आढळून येत नाही. पुढील परीक्षेस बसावे." अर्जासोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स होती. ती मी पाहिली का? पाहिली. वाटलं, आणलं असेल कुठून तरी. कॉम्प्युटर काय खोटं बोलतो? अशी मी, अन् वर मला स्वतःचा अभिमान.

पुढच्या वर्षी यादी काढली तर तीत आंबागडच्या गोदामावरचे चौकीदार शालिकभाऊ दोनदा आले. तोच नंबर, तेच नाव, एकाखाली एक. आदल्या यादीत ते एकदाच होते, पण तेव्हा बाबूचं पद रिकामं नव्हतं.

साहेब म्हणाले, "अहो, हा माणूस दोनदा कसा?"

"दिसतो दोनदा साहेब, आहे एकदाच."

"मग एकदाच दिसू द्या. मला चार वाजता पाठवायची आहे."

आता इथं थांबायला हवं होतं. तीन खुर्च्यांचा बाबू आठवायला हवा होता. एक माणूस दोनदा आला म्हणजे जोडणीत काहीतरी चुकलं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण कॉम्प्युटरच्या भाषेत एक शब्द आहे, डिस्टिंक्ट. तो क्वेरीत टाकला की सारख्या ओळींपैकी एकच दिसते, बाकीच्या दडपल्या जातात. चूक जिथल्या तिथं राहते अन् कागद साफ निघतो. या शब्दाची मला तोवर फार सवय लागली होती. टाकला. यादी सुरेख आली. मी चहा प्यायला गेले.

त्याच यादीवरून शालिकभाऊ बाबू झाले अन् भंडाऱ्याला आमच्याच कार्यालयात आवक-जावकला आले. आलेलं पत्र रजिस्टरात लिहायचं अन् गेलेलं पत्र रजिस्टरात लिहायचं, एवढं काम. स्वभावानं सोनं माणूस. घरची वांगी आणून सगळ्यांना वाटायचे. कोणी टाइप करायला कागद दिला की म्हणत, "बोटं आखडली जी आज." ती वर्षभर आखडलेलीच होती. आमच्या कार्यालयात एक बाबू वर्षभर एक अक्षर टाइप करत नाही, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. यावरून आमचं कार्यालय कसं चालत होतं ते वाचकांनी समजून घ्यावं, मी जास्त बोलत नाही.

पुष्पाबाईचा दुसरा अर्ज आला. मी पहिलंच उत्तर तारीख बदलून पाठवलं.

तिसऱ्या वर्षी त्या स्वतः आल्या. जानेवारीचे दिवस, दुपारची वेळ, मी उन्हात खुर्ची टाकून शेंगा सोलत होते. चाळिशी ओलांडलेली बाई, साधं लुगडं, हातात प्लास्टिकची थैली.

"आस्थापनावाल्या मॅडम तुम्हीच का जी?"

"हो. काय काम होतं?"

"मी पुष्पा. आसगावची. दोनदा अर्ज केला होता मी."

"अहो बाई, उत्तर दिलं ना. नोंद नाही. परीक्षा द्या, पास व्हा, नाव येईल."

"देल्ली ना जी. तुम्ही लिवलं पुढच्या परीक्षेले बसा, तं बसली. पास झाली. तुम्ही पुन्हा लिवलं, मी पुन्हा बसली." त्यांनी थैलीतून तीन सर्टिफिकेटं काढली अन् शेंगांच्या शेजारी ठेवली. "हे तीन झाले. आता फेब्रुवारीत माहं वय निघून जाते. मले एवढंच सांगा, आणखी किती वेळा पास होऊ?"

मी पहिलं सर्टिफिकेट उचललं. नाव त्यांचं, शिक्का आमच्याच परीक्षा शाखेचा, खरा. दुसरं तसंच. तिसरं तसंच. अन् तिन्हींवर कोपऱ्यात कर्मचारी क्रमांक, २१२.

"हा नंबर कुठला लिहिला तुम्ही? तुमचा नंबर तर ६५५ आहे."

"माहा नंबर हाच आहे जी, पहिलेपासून. सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावर आहे. मी गोंदियाकडं होती, तवाचाच."

मी उठले. शेंगांची टरफलं पदरातून खाली पडली ती तशीच तुडवत आत गेले अन् कॉम्प्युटरात २१२ घातला. परीक्षेच्या तक्त्यात तीन ओळी, टायपिंग, उत्तीर्ण, उत्तीर्ण, उत्तीर्ण. आता २१२ नंबर कोणाचा? शालिकभाऊंचा. आमच्या दप्तरी चौकीदार शालिकभाऊ टायपिंगची परीक्षा तीनदा पास झाले होते, त्यातली तिसरी तर बाबू झाल्यानंतर, निव्वळ विद्येच्या आवडीनं! अन् पुष्पाबाईच्या ६५५ ला जोडीच नव्हती, म्हणून त्या गायब. एकाच जॉइननं एक माणूस वाढवला अन् एक माणूस खाल्ला. वाढलेला मी डिस्टिंक्ट टाकून झाकला. तो झाकला नसता तर खाल्लेला एक वर्ष आधीच सापडला असता.

खरं तर तिथंच चूक कबूल करायला हवी होती. पण सवय वाईट, म्हणून पुष्पाबाईला म्हटलं, "तुम्ही बसा, मी पाहते," अन् आवक-जावकला गेले.

"शालिकभाऊ, तुम्ही टायपिंगची परीक्षा कधी दिली होती?"

"मी? नाही देल्ली जी कधी."

"मग पास कसे झाले? बाबूची ऑर्डर घेतली कशी?"

"तुम्हीच तं देल्ली." ते माझ्याकडं अशा निर्मळ तोंडानं पाहत होते की मला खाली पाहावं लागलं. "कागदावर लिवून आलं का पास. मले वाटलं सरकारले माह्यापेक्षा जास्त माईत असन."

"विचारलं का नाही कोणाला?"

"विचारलं ना. मुरलीधरबाबू बाजारात भेटले होते. थे म्हणे, आलेली वस्तू वाया जाऊ देऊ नको."



साहेबांकडं गेले. साहेब आधी हसले, मग त्यांना कळलं की तिन्ही याद्यांवर त्यांची सही आहे, मग हसायचे थांबले. शालिकला खाली उतरवला तर तो कोर्टात जाईल, न उतरवला तर पुष्पाबाईला द्यायला जागा नाही, कारण त्या वर्षी बाबूचं एकही पद रिकामं नव्हतं. अन् फेब्रुवारीला जेमतेम पंधरवडा होता. साहेबांनी डोकं धरलं. मी दारात उभी. तेवढ्यात मागून शालिकभाऊच आले, टोपी हातात.

"साहेब, मले वापस पाठवता का? मी अर्ज लिवून देतो."

"कुठं?"

"आंबागडले. गोदामावर. तिथं माही वाडी आहे, वांगे आहेत, मोकळी हवा आहे. इथं खुर्चीवर बसून बसून माही पाठ मेली. अन् कोणी कागद आणला का छातीत धस्स होते जी. रोज होते."

माणूस आपल्या खुशीनं खालच्या पदावर जातो म्हणतो, असं आमच्या खात्यात कधी घडलं नव्हतं. साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. खुर्चीला कंटाळूनच आले होते, ते उभेच राहिले. अर्ज त्यांनी पेननं लिहिला. टाइप मी केला.

मग दहा दिवस मी जे काम केलं ते एकतीस वर्षांत केलं नाही. परीक्षा शाखेच्या अडगळीत जाऊन फॉर्मांचे गठ्ठे सोडले. कारण क्वेरी कितीही शहाणी केली तरी फॉर्मवरच जुना नंबर असेल तर ती बिचारी काय करणार? सतराही जणांची सेवापुस्तकं काढून पेन्सिलीचा प्रत्येक आकडा भिंगाखाली पाहिला. जुना नंबर कोणाचा होता, आता कोणाचा आहे, असा एक छोटा तक्ता केला. परीक्षेच्या तक्त्यात नंबर दुरुस्त केले अन् पडताळ्यासाठी नावही लिहायला लावलं. जॉइन लेफ्ट केला. आधी मोजलं, नंतर मोजलं. डिस्टिंक्ट काढून फेकला. नशीब एवढंच की बाकीच्या सोळांपैकी कोणी टायपिंगला बसलंच नव्हतं. पुष्पाबाईची फाइल मी शिपायाच्या हातात दिली नाही, स्वतः बगलेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर फिरवली. ज्यांनी उद्या या म्हटलं त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

एक गोष्ट मात्र राहिली. टिप्पणीत कारण काय लिहायचं? चौकशी लागली असती तर साहेबांवर अन् माझ्यावर. साहेब म्हणाले, "तांत्रिक कारणास्तव नाव समाविष्ट होऊ शकले नाही, असं लिहू. चालेल ना?"

माझी दोन वर्षं उरली होती. मी म्हटलं, "चालेल साहेब." लाज वाटते आता सांगायला. तेव्हा लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं.

ऑर्डर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघाली. पुष्पाबाई वयात बसल्या, बाबू झाल्या अन् शालिकभाऊंच्याच जागी आल्या. मागची वर्षं मिळाली नाहीत. ज्येष्ठता रुजू झाल्या दिवसापासून, कारण ज्येष्ठतेच्या नियमात तांत्रिक कारणाला काही किंमत नसते. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. मी पेढे आणले, त्यांनी खाल्ले. मला वाटलं, चला, मिटलं.

महिनाभरानं जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, एक काम होतं. रागावू नका."

"बोला ना."

"पोरगी आहे माही, बारावीले. गावात बाया बोलून राहिल्या. का खात्याच्या कॉम्प्युटरात नाव नव्हतं, मंग हिचे सर्टिफिकेट आले कुठून? नकलीच असतीन. आता कोणाच्या तं पाया पडून लागली. मी बायांचं मनावर घेत नाही जी. पण परवा पोरगी माह्याजवळ येऊन बसली अन् म्हणे, आई, खरं काय थे सांग. मी कोणाले सांगत नाही."

त्यांचा आवाज तसाच होता, साधा.

"मी तिले ऑर्डर दाखवली. तं थे म्हणते, तांत्रिक म्हंजे काय? मले सांगता नाही आलं. तुम्ही दोन ओळी लिवून देता का? का सर्टिफिकेट खरे होते म्हणून."

मी डबा झाकला. "बसा. आत्ता देते."

"तुम्ही सांगा, मीच टाइप करते ना जी."

त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. मी सांगू लागले अन् त्यांची बोटं सुरू झाली. तसा आवाज आमच्या शाखेनं ऐकलाच नव्हता. पलीकडचे दोघे डब्यातून मान वर करून पाहू लागले. मी वाक्य संपवायच्या आत वाक्य तयार असायचं. सौ. पुष्पा या खात्याची टायपिंग परीक्षा पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाल्या होत्या. पुढील दोन वेळा त्यांना विनाकारण परीक्षेस बसावे लागले. त्यांची तिन्ही सर्टिफिकेटं खरी आहेत. पात्रता यादीत त्यांचे नाव न येणे ही यादी तयार करणाऱ्याची चूक होती.

बोटं थांबली.

"करणाऱ्याची म्हंजे कोणाची? पोरगी विचारन ना जी."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, पदासकट. त्यांनी ते टाइप केलं, एकदा वाचून पाहिलं, कागद काढून समोर ठेवला. मी सही केली. त्याला जावक क्रमांक नाही, त्याची प्रत कुठल्याही फाइलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या आल्या मी विचारलं, "दाखवलं का पोरीला? काय म्हणाली?"

"वाचलं तिनं. दोनदा वाचलं." पुष्पाबाईंनी पर्स खुर्चीला अडकवली. "मंग रडली जी लय. म्हणे, आई, मी काहून विचारलं तुले."